जागेचा भाव आणि विम्याची रक्कम



घराच्या विम्याचा हप्ता बाजारभावावर ठरतो आणि म्हणून छत्रीबागेतील घरमालकांना तो परवडत नाही, हे मागील पत्रलेखकाचे म्हणणे मुळात चुकीच्या रकमेवर उभे आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम, म्हणजे भरपाईची कमाल मर्यादा, चटईक्षेत्राला बांधकामाच्या चालू दराने गुणून काढतात. जमीन काही जळत नाही, तेव्हा तिची किंमत त्यात धरली जात नाही. होळकरांच्या छत्र्यांलगतच्या घराचा सौदा, उदाहरणादाखल, ८० लाखांना होत असला, तरी १,००० चौरस फुटांचे बांधकाम २,००० रुपये दराने पुन्हा उभारण्यासाठी विमा २० लाखांचाच लागेल, आणि सामानासाठी त्याचे २० टक्के, म्हणजे ४ लाख, त्याच पॉलिसीत आपोआप येतील (याची कमाल मर्यादा १० लाख).

हप्त्यांची तुलना करायची ती याच रकमेवर आणि सारख्याच जोखमींवर. गच्चीवरची टाकी फुटून झालेले नुकसान मूळ पॉलिसीत बसते, भिंतीची जुनी ओल बसत नाही. चोरीची भरपाई तर आग-पुरासारख्या दुर्घटनेमुळे आणि तिच्यानंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच मिळते. एरवीच्या घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, हे पत्रलेखकाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

— एक वाचक, छत्रीबाग, इंदूर