प्रवाळावरचे शेवाळ आणि साफसफाईची मजुरी

मोठ्या लोकांच्या घरांत, ऑफिसांत खाऱ्या पाण्याचे फिश टँक असतात. टँक मालकाचा, पण त्यात कोपरापर्यंत हात घालणारा मुलगा बहुधा आपल्यासारख्या वस्तीतला. प्रवाळावर केसांसारखे हिरवे शेवाळ चढले की ‘तू नीट साफ करत नाहीस’ म्हणून त्याचे पैसे कापले जातात. दोष त्याचा का नाही, हे त्याला मालकापुढे सांगता यावे यासाठी आजचा विषय.

शेवाळ म्हणजे साफ करायची राहिलेली घाण नव्हे. उजेड आणि खत मिळाले की ते वाढते. येथे खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. ते जास्तीच्या खाद्यातून, माशांच्या विष्ठेतून आणि पुष्कळदा नळाच्या पाण्यातूनही येते. मालकाची मुले दिवसातून चारदा दाणे टाकणार आणि कामगार आठवड्यातून एकदा येणार! वर मालक चाचणी दाखवतो, ‘फॉस्फेट शून्य आहे.’ शून्य दिसते, कारण शेवाळाने ते आधीच शोषलेले असते. वहीत शिल्लक नाही म्हणून माल आलाच नाही असे कोणता कारकून म्हणेल?

शेवाळ हाताने उपटून टँकबाहेर टाकावे. आत सोडले तर कुजून पुन्हा त्याचेच खत होते. सुटा दगड टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासावा. नळाखाली धरल्यास त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. प्रवाळाच्या जिवंत भागावर ब्रश चालवू नये. मीठ कालवायला आरओ-डीआय यंत्राचेच पाणी घ्यावे. दिवा आठ-नऊ तास पुरे. मात्र दिवसेंदिवस अंधार नको, कारण प्रवाळाच्या शरीरातही सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर त्याला अन्न पुरवते. तांबे असलेले शेवाळनाशक तर कधीच नको. गोगलगायी आणि प्रवाळ दोन्ही मरतात.

शेवाळ खाणारे जीवही हवेत, म्हणून टँकमध्ये टर्बो गोगलगायी सोडतात. समुद्रातही हाच नियम आहे. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रात रोगाने सी अर्चिन नावाचे काटेरी प्राणी प्रचंड संख्येने मेले. शेवाळ खाणारे मासे जमैकात अतिमासेमारीने आधीच संपत आले होते. वादळे आणि त्यात ही भर. १९७०च्या दशकात निम्म्याहून अधिक तळ झाकणारे तिथले प्रवाळ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांच्याही खाली आले, बाकी सारे शेवाळ.

टँक साफ करणाऱ्या मुलांनी एक वही ठेवावी. तारीख, किती पाणी बदलले, नायट्रेट-फॉस्फेट किती, खाद्याबाबत मालकाला काय सांगितले, हे लिहून त्याची सही घ्यावी. सही देण्यास कुरकुर होईल, तरी मागावी. मजुरीचा वाद निघाला की तोंडी बोलणे कोणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट, ही जास्त गंभीर. दगडासारखा सांगाडा बनवणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे. मालक म्हणेल, ‘जाता-जाता एक प्रवाळ घेऊन ये.’ पिशवी आपल्या हातात असेल तर पंचनाम्यात नाव आपले येईल. हे काम पहिल्याच दिवशी स्पष्ट नाकारावे.