फाटक, बिजागरी आणि भंगाराचा काटा

धानाची कापणी आटोपली की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावांमध्ये रात्र लवकर सुनसान होते. थंडी असते. माणसं इशाची नमाज पढून येतात आणि दारं लावून घेतात. पुढे लग्नसराई सुरू झाली की घरंच्या घरं दोन-दोन दिवस बाहेरगावी. अशा वेळी घराचं कुलूप आपण दोनदा ओढून पाहतो, कपाटाची किल्ली शेजारच्या भाभीकडे ठेवतो. पण आपल्या सांदवाडीचं, म्हणजे घरामागच्या परसबागेचं फाटक कोणी उचलून नेईल, असं कोणाच्या मनात येत नाही. चोराच्या मात्र तेच मनात असतं. घरात शिरायला धाडस लागतं, फाटक न्यायला दोन माणसं आणि एक हातगाडी पुरते.

आधी एक हिशेब मांडते. शिक्षिकेची सवय आहे, चालवून घ्या. दहा फूट रुंद, पाच फूट उंच, दोन पाखांचं साधं फाटक घ्या. चौकट चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची, आत बारा मिलिमीटरच्या सळ्या. गोल सळईचं वजन काढायची वेल्डर लोकांची एक सोपी रीत आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा, त्याला 162 ने भागायचं, मीटरमागे तेवढे किलो. बारा मिलिमीटरची सळई म्हणजे मीटरला सुमारे 0.89 किलो. पाखामागे दहा सळ्या धरून चौकटीसकट सगळं मिळून साठेक किलो होतं. भंगारात किलोला तीस रुपये मिळाले तरी चोराच्या हाती अठराशे. तेच फाटक नव्याने करून घ्यायला मजुरी, रंग, ने-आण धरून सात-आठ हजार सहज जातात.

आणि हे फक्त फाटकाचं झालं. माझ्या एका खालाच्या वाडीचं फाटक मागच्या हिवाळ्यात इशा आणि फजरच्या मधल्या वेळात गेलं. वाडीत वाल, वांगी, मेथी, कोथिंबीर. आठवडी बाजारात तेवढ्यावर तिचा तेल-मिठाचा खर्च निघायचा. फजरला उठून पाहते तर मोकाट ढोरं आत. वालाचे वेल मुळापासून ओढलेले, मेथीचा वाफा तुडवलेला. कुलूप आणि साखळी दोन्ही पाखांसोबतच गेली होती. कुलूप कोणी तोडलंच नव्हतं, कारण तोडायची गरज नव्हती.

हे आपल्या लक्षात येत नाही. आपण फाटकाला भारी कुलूप घेतो, चोर बिजागरीकडे बघतो. बहुतेक फाटकं खांबातल्या खुंट्यांवर नुसती बसवलेली असतात. खांबात वर तोंड करून दोन लोखंडी खुंट्या, आणि त्यांवर फाटकाच्या दोन नळ्या. दोघांनी धरून वर उचललं की फाटक सुटतं. आवाजही होत नाही.

उपाय स्वस्त आहे. नवं फाटक करताना वेल्डरला सांगा की खालची खुंटी वर तोंड करून आणि वरची खुंटी खाली तोंड करून बसव. मग फाटक दोन्हीकडून अडकतं आणि उचलून निघत नाही. वरची खुंटी फाटक जागेवर उभं करूनच जोडावी लागते, म्हणून वेल्डर थोडी कुरकुर करतो, करू द्या. जुनं फाटक असेल तर वरच्या खुंटीच्या टोकावर एक जाड वॉशर ठेवून त्यावर वेल्डिंगचा टिपका मारून घ्यायचा. पाव तासाचं काम. नट-बोल्टची बिजागरी असेल तर नटावरही तसाच टिपका. खुंट्या विटांच्या खांबात नुसत्या ठोकलेल्या नकोत, त्यांचे होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पुरलेले हवेत, नाहीतर चोर पहारीने खांबासकट खुंटी काढतो.

दुसरी गोष्ट ओळखीची. रंगाने लिहिलेलं नाव खरवडून जातं. वेल्डिंगनेच प्रत्येक पाखाच्या चौकटीवर नावाची दोन अक्षरं आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे उठवून घ्या. ते काढायला ग्राइंडर लागतो आणि घासल्याची खूण राहते. मग फाटकाचा एक फोटो काढून ठेवा, खूण दिसेल असा.

तिसरी गोष्ट बिलाची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303 प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्यातच एक तरतूद आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. पाच हजारांखालच्या अशा चोरीचा गुन्हा अदखलपात्रही धरला जातो. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आमच्या खालाला ठाण्यात किंमत विचारली, तेव्हा ती बिचारी म्हणाली, "जुनंच होतं बेटा, असेल दोन-तीन हजारांचं." झाली अदखलपात्र नोंद. तिच्याकडे वेल्डरचं बिल असतं तर तोच कागद वेगळा झाला असता. आपल्याकडे फाटक करून घेताना बिल मागणं म्हणजे कारागिरावर अविश्वास, असं समजतात. साध्या कागदावर तारीख, वजन, रक्कम आणि सही घ्या, आणि तो कागद रेशनकार्डासोबत ठेवा.

चोर नेहमी रात्रीच येतो असंही नाही. बिहारच्या रोहतास जिल्ह्यात एप्रिल 2022 मध्ये कालव्यावरचा साठ फुटी जुना लोखंडी पूल चोरांनी पाटबंधारे खात्याचे लोक म्हणून येऊन दिवसाढवळ्या कापून नेला. गॅस कटर, जेसीबी, सगळं सोबत. गावकऱ्यांना वाटलं, सरकारी काम चाललंय. मुंबईत मालाडला 2023 मध्ये नाल्यावरचा सहा हजार किलोचा तात्पुरता पूल असाच गायब झाला. तेव्हा दुपारी शेजारच्या बंद घरापाशी कोणी फाटक खोलत असेल तर "कोणी बोलावलं रे बाबांनो?" एवढं विचारायला काय हरकत आहे? खरा कारागीर नाव सांगतो.

या चोऱ्यांचं गणित सगळीकडे सारखंच असतं. कोल्हापुरी बंधाऱ्यांचं पाहा. पावसाळा संपताना खांबांमधल्या खाचांत लोखंडी दरवाजे टाकून पाणी अडवायचं असतं. ते दरवाजेच चोरीला गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येत असतात. चोराला लोखंडाचा भाव मिळतो, गावाचं रब्बीचं पाणी जातं.

आता थोडं अवघड बोलते. साठ किलोचं फाटक कोणी घरात लपवायला चोरत नाही. सकाळी ते कुठल्या तरी काट्यावर चढतंच. आणि भंगाराचा धंदा आपल्या बिरादरीतले पुष्कळ लोक करतात, हे आपल्याला माहीत आहे. मेहनतीची, हलाल रोजी आहे ती. टाकलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावणारा धंदा आहे. म्हणूनच तो स्वच्छ ठेवायला हवा. संहितेचं कलम 317 सांगतं की माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, जो बेइमानीने तो घेतो त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद. चोरीच्या मालाचा नेहमीचाच व्यवहार करणाऱ्याला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. पहाटे सहाला दोन अनोळखी पोरं नवा रंग असलेलं फाटक अर्ध्या भावात देतात, यापेक्षा वेगळं कारण काय हवं? "मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही" ही सबब ना कोर्टात चालते, ना आपल्या दीनात.

इंग्लंडमध्ये तांबं, शिसं, रेल्वेच्या तारा यांच्या चोऱ्या फार वाढल्या, तेव्हा तिथल्या सरकारने भंगारवाल्याकडून रोख पैसे देण्यावरच डिसेंबर 2012 पासून बंदी आणली. पुढे 2013 च्या कायद्याने परवाना आणि विकणाऱ्याची ओळख तपासणं सक्तीचं केलं. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही, एक वही पुरते.

माझा एक जुना विद्यार्थी भंगाराची हातगाडी चालवतो आणि छोटं गोदामही ठेवतो. खालाचं फाटक गेलं, त्या दुपारी लोकांनी सगळ्यांत आधी त्याच्याच गोदामापुढे गर्दी केली. कोणी काही पाहिलं नव्हतं. तो भंगारवाला आहे, एवढंच पुरलं. त्याने वही समोर ठेवली. तारीख, नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, वजन, आणि मोठ्या वस्तूंचे मोबाइलमध्ये फोटो. लोक पानं उलटत राहिले आणि एकेक करून निघून गेले. मला नंतर म्हणाला, "मॅडम, वही नसती तर माझ्या अब्बांना मस्जिदीत मान वर करता आली नसती." त्याचा काटा मगरीबनंतर बंद होतो आणि फजरनंतरही बराच वेळ उघडत नाही. फाटक, विहिरीची जाळी, हँडपंपाचा दांडा, गटाराचं झाकण आलं की तो मालकाला फोन लावल्याशिवाय घेत नाही. यामुळे काही गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हेही त्याने हसून सांगितलं.

ज्यांच्या घरी असा धंदा आहे त्या भगिनींनी हिशेबाची वही स्वतःच्या हाती घ्यावी असं मला वाटतं. आपल्या मुली दहावी-बारावी शिकलेल्या आहेत, त्यांना हे सहज जमेल.

राहता राहिलं कब्रस्तान आणि ईदगाहचं फाटक. त्याचा मालक एकटा कोणी नसतो, म्हणून त्याची बिजागरी कोणीच पाहत नाही. वस्ती लांब, रात्री दिवा नाही. तिथलं फाटक गेलं तर डुकरं आणि कुत्री थेट कब्रींपर्यंत जातात. मुतवल्लींनी वर सांगितलेली खुंटी, खूण, फोटो आणि बिल, चारही गोष्टी जमातीच्या दप्तरात नोंदवाव्यात. ज्या कमिट्यांकडे लोखंडी फाटकाला पैसे नाहीत, त्यांनी आमच्याकडच्या बांबूची घट्ट विणलेली ताटी लावावी. दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, पण ढोरं अडतात आणि तिला काट्यावर भाव नाही.