मोहोरबंद कॅसेटचा भ्रम

व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फीत नसते. प्लॅस्टिकच्या कवचात एक लहान सर्किट बोर्ड असतो, त्यावर खेळाचा प्रोग्रॅम कायमचा उमटवलेली रॉम चिप असते आणि बोर्डाच्या कडेला धातूच्या पट्ट्यांची रांग असते. इंग्रजीत या वस्तूला कार्ट्रिज म्हणतात; महाराष्ट्रात टीव्हीला जोडायच्या गेमबरोबर ती आली तेव्हा तिला कॅसेट हेच नाव पडले. रॉम चिपची, काढून बदलता येणारी कॅसेट बाजारात आणली ती 1976 साली फेअरचाइल्ड चॅनल एफ या यंत्राने. त्याच्या अभियंत्यांचे नेतृत्व जेरी लॉसन यांच्याकडे होते. 1983 साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या कॅसेटला 60 पट्ट्या होत्या, तर 1985 साली अमेरिकेत आलेल्या त्याच्याच एनईएस या आवृत्तीच्या कॅसेटला 72. भारतातल्या मुलांच्या हाती बहुतांशी आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला, म्हणजे 60 पट्ट्यांच्या.

या कॅसेट आता जुन्या झाल्या आहेत आणि त्यांचे संग्रह होऊ लागले आहेत. त्या ठेवाव्यात कशा, याविषयीचा पूर्वपक्ष असा: कॅसेट जितकी कमी हाताळावी तितकी ती टिकते. म्हणून कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेली प्रत सर्वोत्तम. तिची प्रतवारी तज्ज्ञांकडून आकड्यात ठरवून घ्यावी, ॲक्रिलिकच्या पारदर्शक पेटीत ती कायमची मोहोरबंद करावी आणि कपाटात मांडावी. या मताच्या पाठीशी बाजार उभा आहे. जुलै 2021 मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ 64’ची अशी एक मोहोरबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरना गेली. त्याच लिलावात ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या एका मोहोरबंद प्रतीला 8 लाख 70 हजार डॉलर मिळाले.

पूर्वपक्षात तथ्य आहे हे नाकारता येत नाही. कॅसेट यंत्रात घालताना आणि काढताना पट्ट्यांवरचा सोन्याचा पातळ मुलामा दर वेळी थोडा घासला जातो. बोटांचा घाम कागदी लेबलवर राहतो. परंतु यावरून कॅसेट बंद करून ठेवावी असा निष्कर्ष निघत नाही, कारण या मताने कॅसेटला पोस्टाच्या तिकिटाच्या पंक्तीला बसवले आहे. तिकिटाला आतली बाजू नसते. कॅसेटचे सारे मोल तिच्या आतल्या बाजूत आहे.

लिलावात गाजलेली झेल्डाच याचा पुरावा आहे. 1987 साली अमेरिकेत निघालेल्या या कॅसेटमध्ये रॉमखेरीज एक रॅम चिप असते. खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली हे ती लक्षात ठेवते, आणि यंत्र बंद असताना तिला वीज मिळते ती डाख देऊन बोर्डावर बसवलेल्या 3 व्होल्टच्या लिथियम बटण सेलमधून. असा सेल पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त चालतो. पण कायम चालत नाही. पेटीवरचा आकडा खोक्याच्या कोपऱ्यांविषयी आणि वेष्टनाविषयी सांगतो. आतल्या सेलचे काय झाले हे मात्र ज्याने लाखो डॉलर मोजले त्यालाही पाहता येत नाही. खेळ सुरू होतो का, हेही नाही. वेष्टनाचे तरी भले होते असे म्हणावे, तर आकसून बसवलेली प्लॅस्टिकची ती पातळ पापुद्री वर्षानुवर्षे आणखी आकसत राहते आणि पुठ्ठ्याचे खोके वाकवते. जे जपले म्हणून मिरवायचे तेच या पद्धतीत तपासणीच्या पलीकडे जाते. याला जतन म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

उत्तरपक्ष असा की, कॅसेट ही उघडता येईल अशीच ठेवली पाहिजे आणि ठरावीक काळाने उघडलीही पाहिजे. निन्टेंडोच्या बहुतेक कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाला दाद देत नाहीत, त्यांना 3.8 मिलिमीटरचे खास तोंड लागते, आणि ते सहज मिळते. कवच उघडले की मल्टिमीटर लावून सेलचे व्होल्टेज मोजता येते. ज्या कॅसेटमधले घड्याळही सेलवर चालते त्यांची तपासणी आधी करावी. 1999 साली जपानमध्ये आलेल्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या अशाच. त्यांचे सेल इतरांपेक्षा लवकर संपतात. सेल काढला की साठवलेली प्रगती पुसली जाते. कुणी तीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर सोडलेला खेळ तिथे असू शकतो, म्हणून कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने तो मजकूर आधी संगणकावर उतरवून घ्यावा. नव्या सेलला थेट डाख देऊ नये, उष्णतेने तो फुटू शकतो. पत्र्याचे पाय जोडलेला सेल आणावा. एवढे करायला अर्धा तास लागतो आणि पुढची पंधरा वर्षे निर्धास्त जातात.

दुसरे मत पहिल्याचेच भावंड आहे. कॅसेट हवाबंद डब्यात घातल्या की काम झाले, असे ते म्हणते. कोरड्या मुलखात याने फारसे बिघडत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ॲलामोगोर्डो येथे अटारी या गेम कंपनीने 1983 साली न विकला गेलेला माल कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. 2014 च्या एप्रिलमध्ये तो खणून काढला तेव्हा त्या वाळवंटी मातीतून ओळखू येतील अशा कॅसेट आणि वाचता येतील अशी लेबले निघाली. त्यांतली ‘ई. टी.’ या खेळाची एक कॅसेट आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत हे उदाहरण लागू करणे धोक्याचे आहे. तिथे जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते आणि समुद्राचा क्षार हवेत असतो. अशा दिवशी डबा हवाबंद केला म्हणजे ओलच आत कोंडली. रात्री गारवा आला की तीच ओल पट्ट्यांवर बसते. पट्ट्या काळवंडतात, लेबलला बुरशी धरते.

डबा वाईट नाही. तो केव्हा बंद केला यावर सारे आहे. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी कॅसेट डब्यात भराव्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापकही ठेवावा. आकडा 40 ते 50 टक्क्यांत असला तर उत्तम; 65 च्या वर जाऊ लागला की बुरशीला वाट मिळते. रंग बदलणाऱ्या जेलचा रंग पालटला की त्या पुड्या तापवून कोरड्या कराव्यात आणि पुन्हा वापराव्यात. ज्यांच्याकडे शंभर-दोनशे कॅसेट आहेत त्यांनी छायाचित्रकार भिंगांवरच्या बुरशीसाठी वापरतात ते विजेवर चालणारे कोरडे कपाट घ्यावे. संग्रहावर झालेल्या खर्चापुढे ती रक्कम मोठी वाटू नये. कपड्यांच्या कपाटातल्या सवयीने डांबराच्या गोळ्या मात्र कधीही टाकू नयेत, कारण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही टाळाव्यात, त्या लेबलला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पीईटीचे वेष्टन निर्धोक असते. रबर बँड लावू नये.

फुंकर मारण्याचा समज तर पिढ्यांचा आहे. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, फुंकायची आणि पुन्हा घालायची. बऱ्याचदा खेळ सुरू होई, कारण कॅसेट पुन्हा घातल्याने पट्ट्या आणि यंत्राच्या पिना नव्याने नीट टेकत. श्रेय फुंकरीला मिळाले आणि तोंडातली वाफ धातूवर राहिली. निन्टेंडोनेही फुंकू नये असेच बजावले होते. एनईएसच्या कॅसेटच्या पाठीवर तर बेन्झीन, थिनर आणि अल्कोहोल यांनी पुसण्यास मनाई छापलेली आहे. कवच आणि लेबल यांच्याबाबतीत ती आजही पाळावी. पट्ट्यांसाठी मात्र 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओला केलेला कापसाचा बोळा हाच दुरुस्ती करणाऱ्यांचा रोजचा उपाय आहे आणि तो योग्य आहे. बोळा पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट यंत्रात घालू नये.

मांडणीचा विचार उजेडापासून सुरू होतो. खिडकीसमोरची काचेची फळी दिसायला सुरेख, पण उन्हाने लेबलमधले लाल आणि पिवळे रंग आधी उडतात आणि चित्र निळसर होते. राखाडी आणि पांढरे एबीएस प्लॅस्टिक पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी पिवळेपणा घालवण्याची रेट्रोब्राइट नावाची रीत 2008 पासून प्रचारात आहे. ती मूळ कारण दूर करत नाही. पिवळेपणा परतू शकतो. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी आहे, तरी दृश्य उजेडही रंग खातोच. म्हणून आतल्या भिंतीला कपाट, मंद एलईडी, आणि तोही पाहणारा समोर असेल तेवढाच वेळ. कारखान्याआधीच्या नमुना-कॅसेटमध्ये ईप्रॉम चिप असते. तिच्या काचेच्या खिडकीवरची चिकटपट्टी काढून दाखवू नये; थेट उन्हात आठवडाभरात तिच्यातला मजकूर पुसला जाऊ शकतो.

एनईएसच्या कॅसेटला वरच्या कडेवर नावाची पट्टी असते, म्हणून त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. अमेरिकेत परवान्याने निघालेल्या सुमारे 680 कॅसेट एका ओळीत लावायच्या तर दहा मीटरांहून लांब फळी लागेल. निन्टेंडो 64 या यंत्राच्या कॅसेटच्या कडेवर नाव नाही, फॅमिकॉमच्या बऱ्याच कॅसेटवरही नाही. त्या तिरप्या फळीवर दर्शनी बाजूने मांडाव्यात. सगळ्या एकदम मांडण्याचा हट्ट नसावा. थोड्या बाहेर, बाकीच्या डब्यात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल. अदलाबदल करताना प्रत्येक कॅसेट यंत्रात घालून एकदा चालवून पाहता येते, आणि हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ आहे.

भारतीय घरांतल्या ‘अमुक हजार खेळ एकात’ म्हणणाऱ्या नकली कॅसेटकडे संग्राहक तुच्छतेने पाहतात. ते अन्याय्य आहे, कारण इथल्या एका पिढीने ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ त्यांतूनच खेळले. त्यांची निगा अधिक हवी. त्यांतल्या अनेकींत चिप सुटी नसून काळ्या राळेच्या थेंबाखाली बोर्डालाच चिकटवलेली असते. ती बिघडली तर बदलता येत नाही. पट्ट्यांवर सोन्याचा मुलामाही बहुधा नसतो. अशा कॅसेटमधला मजकूर संगणकावर उतरवून घेण्याचे काम अस्सल कॅसेटच्याही आधी हाती घ्यावे. सेल कधी बदलला, पट्ट्या कधी पुसल्या, शेवटची कधी चालली, याची नोंद आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने करावी आणि ती चिठ्ठी वेष्टनात कॅसेटच्या पाठीमागे ठेवावी. लेबलवर काहीही चिकटवू नये.