मिनी महाराष्ट्रात सडक अर्जुनी कुठे?

एखाद्या देशाची छोटी प्रतिकृती बघायला गेलात, तर तिथे काय आहे ते बघून झाल्यावर काय नाही तेही शोधा. खरी गंमत तिथे असते. मत जरा खडूस वाटेल, पण ऐका तर खरं.

आधी थोडं गणित (सवय, दुसरं काय!). हॉलंडमध्ये हेग शहरात मादुरोडाम नावाचं लघुनगर आहे. तिथलं सगळं २५ पट लहान. आता महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी. लांबी-रुंदी २५ पट कमी केली की क्षेत्रफळ ६२५ पट कमी होतं, म्हणजे उरले सुमारे ४९२ चौ. किमी. तिकीट काढून आत गेलात की दुसऱ्या टोकाला पोचायला एसटी लागेल! हॉलंड आपल्यापेक्षा कितीतरी लहान, तरी या मापाने त्याला साठ-पासष्ट चौ. किमी जागा हवी. आणि मादुरोडाम आहे जेमतेम दोनेक हेक्टर.

म्हणजे देश लहान केलेला नसतोच. देशातून निवड केलेली असते. आमच्या धंद्यात याला लॉसी कॉम्प्रेशन म्हणतात. जेपेग फोटो आकाराने लहान होतो, कारण डोळ्याला जे फारसं जाणवत नाही ते टाकून दिलं जातं. प्रश्न एवढाच की, कुणाच्या डोळ्याला?

मी २००७ साली ऑनसाइट असताना मादुरोडाम पाहिलं. उगाच नावं ठेवणार नाही, मजा आली. कालव्यांतून होड्या जातात, गुडघ्याएवढ्या चर्चपाशी आगगाडी वळते, विमानतळावर विमानं सरकतात. त्यामागची गोष्ट तर चटका लावणारी आहे. जॉर्ज मादुरो हा क्युरासाओ बेटावर जन्मलेला ज्यू तरुण, कायद्याचा विद्यार्थी. मे १९४०मध्ये तो जर्मनांविरुद्ध लढला आणि फेब्रुवारी १९४५मध्ये दाखाऊच्या छळछावणीत वारला. त्याच्या आईवडिलांनी या एकुलत्या एका मुलाचं स्मारक म्हणून सुरुवातीचं भांडवल दिलं आणि १९५२ साली हे लघुनगर उघडलं. उत्पन्न क्षयरोगी विद्यार्थ्यांच्या आरोग्यधामासाठी होतं. खेळण्यातल्या गावामागे एवढं दुःख असेल असं वाटत नाही ना?

सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांना फोटो दाखवले. आमचं गाव सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. बाबांनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "सारा देश दाखवला म्हनतोस, मंग बांध्या कुठी आहेत?" धान पिकवणाऱ्या माणसाला देश म्हटलं की आधी बांधी दिसणार. त्याचा डोळा तो.

निवड सरकार करतं तेव्हा मामला आणखी अवघड होतो. इंडोनेशियात जाकार्तापाशी 'तामान मिनी' नावाचं प्रचंड उद्यान १९७५मध्ये उघडलं. कल्पना सुहार्तोंच्या पत्नीची. प्रत्येक प्रांताला एक दालन, त्यात तिथलं पारंपरिक घर नि पोशाख. खर्च बघून विद्यार्थ्यांनी आधीच विरोध केला होता. पुढे पूर्व तिमोर बळकावून प्रांत केल्यावर त्याचंही दालन उभं राहिलं. २००२ साली तिमोर स्वतंत्र झाला. प्रांत गेला, दालन मागे राहिलं! शिवाय एका प्रांताला एकच घर म्हटलं की त्या प्रांतातल्या बाकीच्यांनी कुठे जायचं?

आता आपल्याकडे या. २६ जानेवारीचा चित्ररथ म्हणजे चाकांवरचा मिनी महाराष्ट्रच. २०१५ला पंढरीची वारी, २०१८ला शिवराज्याभिषेक, दोन्हींना पहिला क्रमांक. दोन्ही माझेही आहेत, अभिमानही आहे. कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय बघा. ते लघुरूप नव्हे, पुतळे माणसाएवढे, पण काम तेच. बलुतेदार, मोट, वाडा... अप्रतिम आहे, जरूर जा. फक्त बाहेर पडताना "असंच होतं बरं का महाराष्ट्रातलं खेडं" असं कुणी म्हणालं, तर थोडं थांबा.

कारण आमचं खेडं तसं नव्हतं. आमच्याकडे शेतीचा जीव तलावात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत, त्यांना आजही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचा तलाव आमच्यापासून जवळच. आम्ही मध्य प्रांतातले, १९५६मध्ये मुंबई राज्यात आलो. मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले. पाळ कुणी बांधायची, गाळ कुणी काढायचा, यातली गावाची जुनी घडी विस्कटली आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले.

आणखी काय टाकून दिलं जातं? दिवाळीनंतरची मंडई. रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. धानाच्या बांध्यांमधला सारस. झाडीबोली, पोवारी, गोंडी. प्रतापगड म्हटलं की तुम्हाला सातारा आठवतो, पण आमच्या जिल्ह्यातही एक प्रतापगड आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, गडावर दर्गाही आहे आणि पायथ्याच्या भागात १९७२पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. बसवा बघू हे सगळं एका दालनात!

कुणी म्हणेल, अरे, सगळंच कसं दाखवणार? मान्य. नकाशा जमिनीएवढा केला तर तो काय कामाचा? गाळावं लागणारच. पण दर वेळी तेच गाळलं गेलं की गाळलेल्या ठिकाणच्या पोरांनाही ते दिसेनासं होतं. आमच्या शाळेत चित्राच्या तासाला सगळे दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढायचे. शाळेपलीकडे तलाव होता. तो कुणी काढला नाही, मीसुद्धा नाही, कारण 'चित्रात' तलाव नसतो! जे चित्रात येण्याच्या लायकीचं वाटत नाही, त्याचा गाळ उपसायला कोण भांडणार?

म्हणून मुंबई-पुण्याच्या मधे कुठेतरी भव्य मिनी महाराष्ट्र उभारा, असं मी म्हणणार नाही. तिथे आमच्या वाट्याला एक वाघ नि एक धानाची पेंढी येईल. उलट करावं. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, ते आपलं सगळ्यात जुनं नि फुकटचं लघुजग. माती, दगड, अळीव, झालं! आमच्याकडच्या शाळांनी तसाच तलाव करायला लावावा. पाळ, तुडुंब झाल्यावर पाणी सोडायचा सांडवा, पाट, खाली उतरत गेलेल्या बांध्या. वरून तांब्याभर पाणी ओतलं की शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर का नाही, हे पोरांनीच शोधायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर, नुसता स्क्रीनशॉट नको, चालणारा प्रोग्रॅम हवा.

सांगलीच्या पोरांनी द्राक्षबाग करावी, पालघरच्या पोरांनी वाडी-पाडा करावा. मापं जुळणार नाहीत, जुळू नयेतच. हे सगळे तुकडे एकत्र कधी येणार नाहीत आणि तिकीटही लावता येणार नाही. पण पाणी शेवटच्या बांधीत पोचवलेला पोरगा पुढे खऱ्या तलावाची फुटकी पाळ बघेल, तेव्हा तिथे काय बिघडलंय ते त्याला कळेल. एवढं मला पुरे आहे.