माहजाँगच्या सोंगट्या

रविवारच्या वंदनेनंतर कोळगावच्या मुलांनी आम्हाला मोबाईलवरचा माहजाँग दाखविला. सारख्या दोन सोंगट्या शोधायच्या नि उचलायच्या. मूळ चिनी खेळ मात्र चौघांचा, आपल्या रमीसारखा.

त्याच्या सोंगट्या १४४. वर्तुळ, बांबू व अक्षर हे तीन गट. प्रत्येकात एक ते नऊ आकडे, प्रत्येक सोंगटी चार वेळा, म्हणजे १०८. बांबूच्या एक्क्यावर बहुधा पक्षी असतो, नवखा तिथेच फसतो! चार दिशांच्या वाऱ्यांच्या १६. लाल, हिरवा, पांढरा अशा ड्रॅगनच्या १२. उरलेल्या आठ फुलांच्या व ऋतूंच्या, त्या एकेकच.

एका भगिनीने विचारले, "भाऊ, हे जुगाराकडे तर नाही ना नेणार?" शंका रास्त आहे. पगाराच्या रात्रीच पत्त्यांत पगार गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत: जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, त्याला मुलगी कोणी देत नाही.

म्हणून पैसा नको. मुलांकडून पुठ्ठ्याच्या सोंगट्या करून घ्या. गुण मोजायला चिंचोके पुरतात.