आरमाराची तोकडी नजर

पृथ्वीची वक्रता हा समुद्रावरील रडारपुढचा पहिला अडसर आहे. युद्धनौकेवर ३० मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला, लाटांना घासून येणारे क्षेपणास्त्र साधारणपणे ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसते आणि ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाने येणारे क्षेपणास्त्र हे अंतर दोन मिनिटांच्या आत कापते. तेच रडार ३,००० मीटर उंचीवर नेले तर क्षितिज २२५ किलोमीटरपर्यंत मागे सरते. आकाशातून शत्रूला आधीच हेरून ताफ्याला सावध करण्याच्या या कामाला हवाई पूर्वसूचना म्हणतात आणि भारतीय नौदलात ताफ्यासोबत राहून हे काम २००३ पासून रशियन बनावटीची कामोव्ह-३१ ही मोजकी हेलिकॉप्टरे करीत आली आहेत.

गोव्यातील दाबोळीच्या आयएनएस हंसा तळाशी निगडित असलेल्या या हेलिकॉप्टरची रचना एकाच कामासाठी झालेली आहे. पोटाखाली घडी घालून ठेवलेला सुमारे सहा मीटर लांबीचा अँटेना उड्डाणानंतर खाली उघडतो, त्याला अडथळा होऊ नये म्हणून चाके वर ओढून घेतली जातात आणि मग तो गोल फिरत चहूबाजूंचा वेध घेतो. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ या दोन्ही विमानवाहू नौकांवर विमाने फेकणारी यंत्रणा नसून चढाची धावपट्टी असल्यामुळे अमेरिकी हॉकआयसारखे जड टेहळणी विमान तेथून उडवणे व्यवहार्य नाही. किनाऱ्यावरून उडणारी पी-८आय विमाने दूरवर जातात खरी, पण त्यांचे मुख्य काम पाणबुड्यांचा माग काढण्याचे आहे. नवी एमएच-६०आर हेलिकॉप्टरेही मुख्यतः त्यासाठीच घेतलेली आहेत.

आणखी दहा कामोव्ह घेण्यास संरक्षण खरेदी परिषदेने २०१९ मध्ये मान्यता दिली होती, परंतु युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये ती बोलणी थांबली. व्यवहार अडला म्हणून गरज अडत नाही, आणि ही उणीव किती महागात पडते याचा दाखला १९८२ च्या फॉकलंड युद्धात आहे. पूर्वसूचना देणारी गॅनेट विमाने निवृत्त करून बसलेल्या ब्रिटिश नौदलाची ‘शेफील्ड’ ही विनाशिका ४ मे रोजी एक्झोसेट क्षेपणास्त्राने पेटली आणि २० नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत सी किंग हेलिकॉप्टरवर सर्चवॉटर रडार बसवले गेले, पण तोवर युद्ध संपले होते. पुढे त्याच नौदलाने २०१८ मध्ये सी किंग निवृत्त केली, तेव्हा मर्लिन हेलिकॉप्टरवरील क्रोजनेस्ट ही बदली यंत्रणा तयार नव्हती आणि ती प्रत्यक्ष ताफ्यासोबत गेली २०२१ मध्ये.

म्हणून हातातील कामोव्हची दुरुस्ती व सुट्या भागांची तरतूद आज झाली पाहिजे आणि तिच्याबरोबरच स्वदेशी पर्यायाचे कामही सुरू झाले पाहिजे. ‘नेत्र’ या हवाई पूर्वसूचना देणाऱ्या विमानासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी रडार स्वतः घडवले आहे. त्या अनुभवावर हेलिकॉप्टरला पेलेल असे हलके रडार उभारण्यासाठी निधी आणि मुदत ठरवून देणे संरक्षण मंत्रालयाच्या हाती आहे, आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नियोजित नौदल हेलिकॉप्टरच्या आराखड्यात या रडारसाठी जागा व वीजपुरवठा आताच राखून ठेवावा.