यंत्रमानवाचीं आवर्तनें आणि आमची घोकंपट्टी

मुलांच्या खेळावर रागावणाऱ्या विद्वानांची परंपरा आमच्याकडे जुनी आहे. पूर्वीं पत्त्यांवर आणि नाटकांवर होणारा कोप आतां मोबाइलवरील खेळांवर होतो, एवढाच फरक. अलीकडे एका व्याख्यानांत एका विद्वान् गृहस्थांनीं यंत्रमानव चालविण्याच्या कोड्यांचा समाचार घेतला. त्यांचें म्हणणें असें कीं, यंत्राला तींच तीं पावलें टाकावयास शिकवितां शिकवितां मूलच यंत्र बनतें. आवर्तन हा बुद्धीचा शत्रु आहे. टाळ्या पुष्कळ पडल्या. त्या सभेंत मीहि होतों आणि गप्प बसलों. तें मौन मला खुपूं लागलें, म्हणून हा लेख.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. पडद्यावर एक लहानसा यंत्रमानव उभा असतो. पुढें खड्डे, पायऱ्या, भिंती आणि शेवटीं एक दार. खेळणाराला त्यास बोटानें हलवितां येत नाहीं. त्यानें आधीं चार-सहा चौकटींत खुणा मांडावयाच्या : चाल, चाल, उडी मार, वळ. मग यंत्रमानव त्या क्रमानें निघतो आणि शेवटची खूण संपली कीं पुन्हां पहिलीपासून आरंभ करितो. दार सांपडेपर्यंत किंवा खड्ड्यांत पडेपर्यंत हें चक्र चालूच. चौकटी थोड्या आणि वाट लांब. त्यामुळें त्या वाटेंत कोणती चाल पुनःपुन्हां येते हें ओळखल्यावांचून गति नाहीं. २००८ सालीं निघालेला ‘लाइटबॉट’ हा याच कुळांतला.

हें कूळ कांहीं कालपरवांचें नव्हे. सेमूर पेपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही आज्ञाभाषा सिद्ध केली. पुढें तिच्या आज्ञेंत वागणारें एक ‘कासव’ आलें. “इतकें पुढें जा, नव्वद अंश वळ” हें चार वेळां करावयास सांगितलें कीं चौरस उमटतो. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून मूल कासवाला साठ अंश वळावयास सांगतें, आणि त्रिकोण कांहीं होत नाहीं. वळावयाचें असतें एकशें वीस अंश. तें कां, हें त्या मुलाला कोणी सांगावें लागत नाहीं; स्वतः कासव होऊन चार पावलें चालून पाहिलें कीं कळतें. भूमितीचें पुस्तक पाठ करून हें किती जणांना कळलें असेल ?

गेल्या पावसाळ्यांत मी इटियाडोहाच्या बाजूस बहिणीकडे गेलों होतों. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गोठणगांवजवळ गाढवी नदीवर, १९७० सालीं पुरें झालेलें हें धरण. सातवींत जाणारी भाची ओसरीवर बसून असलाच खेळ खेळत होती. तिचा यंत्रमानव तीन वेळां दार ओलांडून खड्ड्यांत पडला. मीं विचारलें, “यंत्र बिघडलें काय ग ?” ती मान वर न करितां म्हणाली, “यंत्र नाही बिघडलं, मामाजी. कुठं थांबाचं ते मीच सांगतलं नाही त्याले.” चौथ्या वेळीं तिनें एक खूण बदलली आणि यंत्रमानव दारांतून गेला.

हें वाक्य जर यंत्र बनलेल्या मुलाचें असेल, तर असलीं यंत्रें माझ्या वर्गांत मला हवीं आहेत. चूक झाली असतां ती आपल्या आज्ञेंत शोधावयाची, आज्ञा पाळणारावर ढकलावयाची नाहीं, ही शिकवण आमच्या कचेऱ्यांना आणि विद्यापीठांना अजून लाभलेली नाहीं.

आवर्तनाला शत्रु म्हणणाऱ्यांनीं त्या ओसरीसमोर थोडा वेळ बसावें. समोर रोवणी चालली होती. बायका वाकून पऱ्हे रोवीत मागें मागें सरकत होत्या. तीच ती क्रिया हजारों वेळां. पण चिखल खोल लागला कीं हात बदलतो, पाणी अधिक असलें कीं रोप सांवरून लावावें लागतें, आणि बांधी भरली कीं काम थांबतें. धरणाच्या कालव्यांतून ठराविक मुदतीनें सुटणाऱ्या पाण्याला आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडीं ‘आवर्तन’ हाच शब्द आहे. पाणी कोणाला आधीं, कोणाला नंतर, पाळी केव्हां संपावयाची, हें सारें ठरवावें लागतें. आणि त्या क्रमांत चूक झाली तर कालव्याच्या शेवटच्या टोकाचें धान वाळतें. जपाची माळ घ्या. एकशें आठ मणी ओढले कीं मेरुमणि येतो. तो ओलांडावयाचा नसतो, तेथून परतावयाचें असतें. गोठणगांवच्या परिसरांत १९७२ पासून वसलेल्या तिबेटी निर्वासितांच्या हातांतील माळेंतहि मणी एकशें आठच. आवर्तनाला मोजणी आणि मर्यादा असावी, हें आमच्या आज्यांना ठाऊक होतें.

बुद्धीचा शत्रु आवर्तन नव्हे. ज्याला कोठें थांबावें, कोठें वळावें हें सांगितलेलें नाहीं असें आवर्तन, हा खरा शत्रु. आणि तो मोबाइलांत नसून आमच्या शाळांत बसला आहे. त्याचें नांव घोकंपट्टी. मुलगा पाढे म्हणतो, व्याख्या म्हणतो, समजलें काय हें कोणी विचारीत नाहीं. परीक्षा आली कीं चक्र थांबतें आणि जून उजाडला कीं पुन्हां सुरू होतें. दुसऱ्यांकडे बोट कशाला दाखवूं ? तीस वर्षें मी इंग्रजी काव्य शिकवितों. टिपणांची वही तीच, विनोद तेच, ते सांगावयाच्या जागाहि त्याच. एका विद्यार्थ्यानें एकदां शंका विचारली, तेव्हां “हें परीक्षेला येत नाहीं” असें म्हणून मीं पान उलटलें होतें. यंत्रमानव खड्ड्यांत पडतो हें निदान दिसतें तरी. माझा वर्ग पडत होता तें मला दिसलेंहि नाहीं.

या खेळाच्या नांवावर चाललेला बाजार मला मान्य आहे असें मात्र कोणीं समजूं नये. सहा वर्षांच्या पोराला आज्ञावली शिकवा म्हणजे तें धनाढ्य होईल, अशा जाहिराती आईबापांच्या भीतीवर जगतात. तासन् तास पडद्याकडे पाहणेंहि हितावह नाहीं. परंतु दोष विक्रीचा आहे, विद्येचा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मधल्या इयत्तांत संगणकाच्या आज्ञालेखनाला जागा दिली आहे. ती जागा इंग्रजी पाट्यांनीं भरावयाची कीं मराठी शब्दांनीं, हा प्रश्न आतां आहे. ‘आवर्तन’, ‘पाळी’, ‘फेरा’ हे शब्द ज्या मुलीच्या घरांत रोज उच्चारले जातात, तिला तोच अर्थ परक्या शब्दानें घोकावयास लावणें म्हणजे पुन्हां घोकंपट्टीच.

आणि यासाठीं यंत्र हवेंच असें नाहीं. शाळेच्या अंगणांत खडूनें चौकटी आंखा. एका मुलाला यंत्रमानव करा. बाकीच्यांनीं पाटीवर फक्त सहा आज्ञा लिहावयाच्या, आणि त्यानें त्याच अक्षरशः पाळावयाच्या. तो भिंतीवर आदळला कीं सारा वर्ग हंसेल, आणि मग सारा वर्ग विचार करील. खर्च एका खडूचा.

इटियाडोहाहून परतल्यावर मीं माझी ती जुनी वही उघडली. प्रत्येक पाठाच्या मध्यावर आतां तांबड्या शाईनें एक आज्ञा लिहून ठेविली आहे : समजलें नसेल, तर येथें थांब.